टाकीचा उसासा

ता. ४, सोमवार. सकाळी.

ही वही पंपासाठी आहे. दुसरं काही लिहायचं नाही. यांची पाठ गेल्यापासून सात महिने लाँच मी चालवते. सात महिन्यांत एक कळलं. जे लिहून ठेवलं नाही ते निम्म्या मिस्त्री दुसऱ्या दिवशी सरळ नाकारतो. त्याला निम्म्या म्हणतात, कारण कुठलंही काम निम्मं करून तो चहाला जातो.

तर नोंद. लाँचमधलं इंजिन ट्रकचं आहे. निम्म्याने भंगारातून आणलं, वर टर्बो लावून फुगवलं. पूर्वी नदी ओलांडायला पंधरा मिनिटं लागायची, आता सात. परवा शनिवारी चौथ्या फेरीला नेमकं मधोमध आचके दिले आणि बंद. लाँच आडवी होऊन खाली निघाली. खाली बंधारा. धक्क्यापासून बंधाऱ्यापर्यंत काठावर पाच तांबडे खांब आहेत. पाचव्याच्या पुढे जायचं नसतं. मी पहिल्या खांबापर्यंत गेले.

टाकीचं झाकण उघडून पाहिलं. डिझेल भरपूर. इंजिनाला चार शिव्या दिल्या. झाकण लावलं. स्टार्टर मारला. चालू!

घाबरले वगैरे नाही. हात थरथरत होते ते इंजिनाच्या हादऱ्याने. सुकाणूचं चाक लोखंडी आहे, हादरा सगळा हातात येतो.

ता. ५, मंगळवार.

आज ठीक. चार उतारू, एक सायकल. शाळेच्या बाई नेहमीच्या जागी, मागच्या बाकावर. त्या बाकाखाली टाकी आणि बाकाच्या पाठीला लागून टाकीची बारीक नळी वर येते. तिच्यातून डिझेलचा वास यायचा. बाई रोज नाकाला रुमाल लावून बसायच्या, जसं काही मीच आंघोळ केली नाही. निम्म्याला सात महिने सांगत होते. शेवटी गेल्या गुरुवारी मीच लाकडाची खुंटी तासली, चिंधी गुंडाळली, ग्रीस लावलं आणि नळीत ठोकून दिली. वास बंद. बाई म्हणाल्या, बरं झालं हो. शाळा मी दुसरीत सोडली, पण डोकं शाळेत ठेवून आले नव्हते.

ता. ६, बुधवार.

निम्म्याने इंजिन पाहिलं. म्हणाला, ताई, दोष लिफ्ट पंपाचा. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाला पाजायचं काम त्याचं. इंजिन झालंय पैलवान आणि पाजणारा चमचा जुनाच. मोठा पंप घ्या.

मी म्हटलं, पैलवान कोणी केला? तेव्हा चमचा दिसला नाही का?

तो चहाला गेला.

यांना काही सांगितलेलं नाही. माणूस फळीवर पाठ टेकून पडलाय, उगाच काळजी. शिवाय हे आधीच बोलून बसलेत, की तुझ्या हातात असताना एकदा जरी मधोमध बंद पडली तर लाँच बांधून टाकायची, परीक्षेच्या फेऱ्या करायच्या नाहीत. पंचवीस तारखेला पलीकडे मुलांचा पहिला पेपर. आपल्या बाजूची अठरा मुलं. पूल आहे, पण दोन तासांच्या वळशाने, आणि तिथून शाळेला गाडी नाही. मी हेडमास्तरांना शब्द दिलाय. शब्द म्हणजे शब्द.

ता. ८, शुक्रवार.

पार्टवाल्याकडे गेले. त्याने तीन पंप काउंटरवर मांडले. एक जुन्यासारखाच, आत रबरी पडदा, बाजूला हाताने मारायची कांडी. दुसरा मोठ्या ट्रकचा, दट्ट्याचा, उचलला तर मनगट मोडेल. तिसरा विजेवरचा. चकचकीत. वायर लावून दाखवली तर गुणगुणायला लागला. मला तोच आवडला.

पार्टवाला म्हणाला, मावशी, दाब किती पाहिजे? म्हटलं, भरपूर. तो हसला. म्हणाला, भरपूर दिलात तर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पुढच्या पंपाची सीलं जातील, डिझेल ऑइलमध्ये उतरेल, आणि मग इंजिन स्वतःच्या मनाने पळत सुटेल. चावी काढली तरी थांबणार नाही. एकाचं तसं झालं होतं, गोदामाची भिंत घेऊन गेला.

म्हणजे दाब कमी पडला तर बंधारा, जास्त झाला तर धक्का. मधे मी.

आज पंप घेतला नाही. घाबरून नव्हे. दुकानात फार उकडत होतं.

ता. ९, शनिवार.

पाचव्या फेरीला बंद. दुसऱ्या खांबापर्यंत गेले. उतारू दोनच होते, एक झोपलेला. दुसऱ्याला सांगितलं, देखावा बघा, म्हणून थांबवलीय.

झाकण उघडलं. टाकीने मोठ्ठा उसासा टाकला. थेट आमच्या सासूबाईंसारखा. त्या जिवंत होत्या तेव्हा मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की असाच टाकायच्या. मग शिव्या. आज आठ दिल्या. झाकण बंद, स्टार्टर, चालू. एक नक्की झालं. हे इंजिन शिव्यांवर चालतं.

निश्चय:
१) पोहायला शिकायचं. येत नाही असं नाही, कधी प्रयत्न केला नाही.
२) नांगराची दोरी घरी आहे, परसात कपडे वाळत घालायला बांधलीय. ती उद्या लाँचवर न्यायची.

ता. १०, रविवार.

पोहणं जमलं नाही. टॉवेल धुवायला टाकला होता.

दोरीवर चादरी होत्या. ओल्या चादरी काढून कुठे ठेवू?

ता. १२, मंगळवार.

सकाळी पाण्यावर गारठा असतो. म्हणून कोटाच्या आत बुडताना घालायचं ते नारिंगी जाकीट घातलं. ऊब चांगली येते. उतारूंसाठीची जाकिटं बाकाखाली पेटीत आहेतच. ती काढून दाखवली तर लोक उगाच घाबरतात. लोकांना घाबरवू नये.

निम्म्या म्हणाला, ताई, जाडजूड दिसताय. म्हटलं, तुझ्यासारखी निम्मी दिसू का?

ता. १४, गुरुवार.

बाई उतरताना थांबल्या. म्हणाल्या, मावशी, पेपर दहाला सुरू. एक मिनिट उशीर झाला तरी फाटक बंद. लाँच भरवशाची आहे ना?

म्हटलं, माझ्यापेक्षा भरवशाची.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी चाक घट्ट धरलं. हादरा फार येतो हल्ली.

जाताना पाठ चोळत होत्या. नाजूक बाई. बाकावर बसूनही पाठ दुखते.

ता. १५, शुक्रवार. सकाळी.

ठरलं. दट्ट्याचा पंप घ्यायचा. मजबूत.

त्याच दिवशी, दुपारी.

नाही. तो इंजिनाला बसवायला खाच कापावी लागेल. निम्म्या कापणार म्हणजे निम्मी कापणार. जुन्यासारखाच घ्यायचा.

ता. १६, शनिवार.

पण जुन्यासारखाच घ्यायचा तर जुना काय वाईट?

तिसऱ्यांदा दुकानात गेले. पार्टवाल्याने मला बघून स्टूल पुढे केलं. घरी आल्यावर हे फळीवरून म्हणाले, अगं, पंप बघतेयस की जावई? मी चपापले. यांना कोणी सांगितलं? निम्म्याने. पंप बदलायचाय एवढंच सांगितलंय, बंद पडते ते नाही. चला. एकदा तरी त्याच्या निम्म्या सवयीचा फायदा झाला.

ता. १८, सोमवार.

वरच्या धरणातून पाणी सोडलंय. नदी फुगली. बंधाऱ्याचा आवाज घरात ऐकू येतो. भांडी घासताना नळ बंद केला तरी पाणी वाहतंय असं वाटतं.

तिसऱ्या फेरीला बंद. उतारू नव्हते. तिसऱ्या खांबापर्यंत गेले. तिथून बंधाऱ्यावरचा पांढरा फेस दिसतो. झाकण उघडताना जोर लावावा लागला, आतून कोणी धरून ठेवल्यासारखं. उसासा. मग शिव्या. किती ते मोजलं नाही. शिव्या देताना आवाज फुटत नव्हता तरी चालू झालं. म्हणजे मनातल्या मनात दिल्या तरी चालतात.

आणि बाकाखालून ठंग असा आवाज येतो. रिकामा डबा दाबल्यासारखा. दगड लागत असेल.

कोटाच्या आत घाम आला होता. जाकीट खरंच उबदार आहे.

ता. १९, मंगळवार.

यांनी विचारलं, काल उशीर का झाला? म्हटलं, उतारू सावकाश चढले. हे म्हणाले, काल दुपारी उतारूच नव्हते म्हणे. मी गादीचा कोपरा सारखा केला.

मग हे म्हणाले, पंपाच्या मागे लागण्याआधी एक सांग, टाकीपाशी काही बदललंस का? म्हटलं, मी? काही नाही.

खोटं बोलले नाही. खुंटी म्हणजे बदल नव्हे, सुधारणा.

पंचवीस वर्षं लाँच चालवली म्हणून माणसाला सगळं कळतं असं नाही. हल्लीची इंजिनं वेगळी.

ता. २१, गुरुवार.

विजेवरचा पंप घेतला! जोरात ओढतो. पुढे दाब जास्त होऊ नये म्हणून पार्टवाल्याने एक छोटा नळ दिलाय, त्यावर काटा आहे. काटा हिरव्यात ठेवायचा. हिरवं मला कळतं. तो म्हणाला, मावशी, याला एकच पथ्य. कचरा चालत नाही. टाकीचं झाकण सारखं उघडू नका.

मी म्हटलं, उघडणारच नाही.

रात्री झोप छान लागली. तीनदा लागली.

ता. २३, शनिवार.

निम्म्याने पंप बसवला. जुना काढून धक्क्यावर टाकला. वायरी लोंबकळत ठेवून चहाला गेला, त्या मी चिकटपट्टीने बांधल्या. मग टाकी काठोकाठ भरली आणि झाकणाला कुलूप घातलं. आता झाकण उघडायचं कारणच नाही. किल्ली घरी खिळ्याला लावली, हरवू नये म्हणून.

ता. २४, रविवार.

चाचणी. अर्धा तास इंजिन चालवलं. लाँच धक्क्याला दोन दोरांनी बांधलेली होती. एकदाही वाहून गेली नाही.

काटा हिरव्यात. मधे एकदा ठंग झालं. धक्क्याला घासली असेल.

पोहणं: आता गरज नाही.
नांगराची दोरी: यांच्या खोलीतले पडदे धुतलेत. मंगळवारी.

ता. २५, सोमवार. सकाळी सहा.

आज पहिला पेपर. इंजिन तयार. मी तयार. एक अडचण आहे. बाई आणि मुलं असताना शिव्या कशा द्यायच्या? पण नवा पंप आहे, शिव्या लागणार नाहीत. पंप निवडायला वेळ लागला, पण निवडला तो असा. घाईने निवडणारे बंधाऱ्यात जातात.

त्याच दिवशी. दुपार.

लिहायचं नव्हतं. पण यांच्यासमोर बसवत नाही आणि हात रिकामे ठेवले तर

पहिल्यापासून लिहिते.

सातची आणि आठची फेरी गेली. उतारू थोडे. काटा हिरव्यात. साडेनवाला अठरा मुलं चढली, कंपास, पट्ट्या, कोणी पाठ करतंय, कोणी रडकुंडीला. बाई मागच्या बाकावर. मी म्हटलं, बसा नीट, सात मिनिटांत पलीकडे.

मधोमध आलो आणि ठंग. मग मोठ्ठं ठंग. मग आचके. मग बंद.

नवा पंप मात्र गुणगुणत होता. इंजिन मेलं आणि तो गातोय.

लाँच आडवी झाली. पहिला खांब गेला. मी झाकणाकडे धावले. कुलूप. किल्ली घरी खिळ्याला. पान्याने कुलपावर मारलं, पान्याचं तोंडच उडून पाण्यात गेलं. दुसरा खांब. मुलांनी पाठ करणं थांबवलं.

मग मी शिव्या दिल्या. बाईंसमोर, अठरा मुलांसमोर. इंजिनाला, पंपाला, निम्म्याला, त्याच्या चहाला. माझ्याजवळच्या संपल्या तेव्हा सासूबाईंच्या काढल्या. इंजिन ढिम्म. एवढ्या शिव्या आणि साधं खोकलंसुद्धा नाही. तिथे माझं धाबं दणाणलं. इतके दिवस जे औषध लागू पडत होतं ते औषधच नव्हतं.

बाई ओरडल्या, नांगर टाका! नांगर होता. उचलला. दोरी परसात, तिच्यावर पडदे. नांगर परत खाली ठेवला.

बाई म्हणाल्या, जाकिटं! पेटी उघडली, मुलांनी जाकिटं काढली, एकमेकांत गुंतलेली. त्यांचे पट्टे सोडवायला मी वाकले आणि कोट आड येत होता म्हणून काढून फेकला.

सगळी माझ्याकडे बघायला लागली.

दोन वेण्यांची एक मुलगी आहे, पुढे बसते. ती म्हणाली, मावशी, तुम्ही आधीच घातलंय?

मी पट्टे सोडवत राहिले.

ती म्हणाली, तुम्हाला पोहता येत नाही का? आम्हाला सगळ्यांना येतं. तुम्ही घाबरू नका, माझा हात धरा.

आणि मी धरला. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीचा हात. तिसरा खांब गेला. फेस दिसायला लागला. आवाज एवढा की तिचं पुढचं बोलणं ऐकू आलं नाही, नुसते ओठ हलताना दिसले.

लाँचला हिसका बसला तशा बाई बाकाच्या पाठीवर आपटल्या. बाई कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत. त्या किंचाळल्या, ही मेली खुंटी तीन आठवडे माझ्या पाठीत टोचतेय! आणि दोन्ही हातांनी धरून त्यांनी ती उपटली.

नळीने शिट्टी मारली. लांब, बारीक, थांबेचना. पाण्याखाली दम कोंडलेलं माणूस वर येऊन हवा घेतं, तशी टाकी हवा घेत होती. घेतच होती. मग बाकाखाली ठंग, ठंग, पत्रा जागेवर आला.

दोन वेण्यांची म्हणाली, बाई, डब्यातलं तेल ओतताना दुसऱ्या बाजूला भोक पाडतो, तसंच की! आत हवा गेली नाही तर डिझेल बाहेर कसं येणार?

बाई म्हणाल्या, शाबास. पेपरात आलं तर लिही.

मी स्टार्टर मारला. एकदा. दोनदा. चौथा खांब माझ्या खांद्याशी होता. तिसऱ्यांदा इंजिन लागलं. चाक कसं वळवलं, आठवत नाही.

दहाला दोन मिनिटं कमी असताना मुलं फाटकातून गेली. शेवटची मुलगी आत गेली आणि घंटा झाली. सगळ्यांच्या अंगात नारिंगी जाकिटं. काढायचं कोणाला सुचलं नाही.

हातांबद्दल एक लिहायचंय. आज नाही.

ता. २६, मंगळवार.

कुलूप काढलं. बाकाखाली वाकून टाकी पाहिली. एका बाजूने आत चेपलीय, बुक्की मारल्यासारखी. ठंग म्हणजे दगड नव्हता. ती टाकी होती. मी तिचं नाक दाबलं होतं. आणि मग तिला जास्त जोरात ओढणारा पंप आणून बसवला होता.

झाकण उघडलं की ती श्वास घ्यायची आणि इंजिन चालू व्हायचं. शिव्या मधल्या मधे मी देत होते.

पार्टवाला म्हणाला, मावशी, वापरलेला पंप परत घेत नाही. मी म्हटलं, मी कुठे परत करतेय? त्याने तरी स्टूल पुढे केलं. बसले थोडा वेळ.

नांगराची दोरी लाँचवर नेली. पडदे कुंपणावर टाकलेत.

ता. २७, बुधवार.

निम्म्याकडून जुना पंप परत बसवून घेतला. धक्क्यावर पडून होता, त्याच्यावर कोणी तरी चहाचा कप ठेवला होता. आठ फेऱ्या झाल्या. उतारू, मुलं, फुगलेली नदी, फुगलेलं इंजिन. एकदाही आचका नाही. चमचा पुरत होता.

बाई त्याच बाकावर बसल्या. नाकाला रुमाल. उतरताना खुंटी माझ्या हातात दिली, कागदात गुंडाळून. म्हणाल्या, वास येऊ दे.

ता. २८, गुरुवार.

सोमवारचं यांना कळलंय. सगळ्या धक्क्याला कळलंय, यांनाच कसं नाही कळणार? रागावतील म्हणून तयारीत होते. उत्तरं जुळवून ठेवली होती, सहा. रागावले नाहीत. फळीवरून विचारलं, शेवटी पंप कुठला बसवलास? म्हटलं, जुनाच. मग दोष कशात होता? म्हटलं, हवेत. हे म्हणाले, पहिलं वर्षभर मीसुद्धा जाकीट घालूनच चालवायचो गं. आईला म्हणायचो, थंडी वाजते.

सहा उत्तरं वाया गेली.

दोन वेण्यांची म्हणाली, मावशी, शेवटचा पेपर झाला की तुम्हाला पोहायला शिकवते. म्हटलं, बघू, टॉवेल वाळला तर. ती म्हणाली, माझा आणीन.

आता ते हातांचं. सोमवारी इंजिन बंद पडलं तेव्हा लाँचवर काहीच हादरत नव्हतं. मी चाक धरून उभी होते आणि चाक खडखड वाजत होतं. इंजिन बंद असताना.

मला वाटलं, मुलीचा हात धरला होता म्हणून, घाई होती म्हणून. म्हणून आज शेवटच्या फेरीनंतर लाँच दोन दोरांनी बांधली, इंजिन बंद केलं, सगळे गेल्याची खात्री केली आणि हात पुढे धरून पाहिला.

ही वही पंपासाठी आहे. पंप ठीक आहे.